नळाचं पाणी आणि मंदाचा हात

१९७१च्या वैशाखात सरूबाईंच्या घरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. लालबागची खोली सोडून त्या भाईंदर पूर्वेला एका नव्या चाळीत आल्या, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा शिवा याचं लग्न झालं. सून मंदा काशीमीऱ्याची. तिचे वडील धर्माजी तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणीवर मुकादम. मूळचे चिपळूणकडचे, म्हणजे सरूबाईंच्याच मुलखातले.

नव्या चाळीत दारात नळ होता. मालकानं बोअर मारून, वर टाकी बांधून सोळा खोल्यांना पाणी दिलं होतं. लालबागला रांगेत हंडे लावण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या सरूबाईंना त्या नळाचं केवढं अप्रूप! पाणी काचेसारखं स्वच्छ. चवीला जरा सपक, पण खारट मुळीच नव्हे. त्यात काही खोट असेल असं मनात यावं तरी कसं?

सून आली की सासूनं चुलीपुढून उठायचं, ही त्यांच्या घरची रीत. सरूबाईंच्या सासूनं ती पाळली होती, त्यांनीही पाळली. स्टोव्हपुढचा पाट मंदाला दिला आणि पुन्हा पळीला हात लावला नाही.

आणि डाळ शिजेना.

मंदा बिचारी तास तास स्टोव्हपुढे बसायची. पाणी आटलं की नवं घालायची, तेही आटलं की आणखी. तिला काय ठाऊक, की जमिनीतून आलेल्या त्या पाण्यात चुना विरघळलेला आहे, तो डाळीला मऊ होऊ देत नाही, आणि पाणी आटवत गेलं की चुना भांड्यातच वाढत जातो. ती जितकी झटत होती तितकी डाळ हट्टाला पेटत होती. पळीनं दाबली तर दाणा कुचकन मोडायचा, विरघळायचा नाही.

"डाळ आहे की खडी?" सरूबाई म्हणायच्या. "बापाच्या खाणीतनं आणलीस वाटतं."

मंदा पहिल्यांदा हसली होती. पुढं हसायची थांबली.

मग एकेक उणं दिसू लागलं. चहाच्या भांड्याला आतून पांढरं किटण चढलं. सरूबाई म्हणाल्या, घासायचा कंटाळा. शिवाचे पांढरे शर्ट मळकट राखाडी झाले, साबणाचा फेस न होता दह्यासारख्या गुठळ्या व्हायला लागल्या. सरूबाई म्हणाल्या, हाताला जोर नाही. त्यांचे स्वतःचे केसही काथ्यासारखे राठ झाले होते, पण तो दोष त्यांनी वयाला दिला.

शेजारणींना विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पण नव्या सुनेनं दारोदार गप्पा मारत हिंडायचं नाही, हा सरूबाईंचा दंडक. मंदानं तो निमूट पाळला.

शिवा भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. घरी येऊन मुकाट्यानं जेवायचा. एका संध्याकाळी मात्र त्यानं ताट सरकवलं. त्या सरकलेल्या ताटाकडं बघून सरूबाई म्हणाल्या, "मंदा, माहेरी जा. आईकडनं डाळ शिजवायला शीक, आणि मग ये."

दुसऱ्या दिवशी शिवा तिची पिशवी घेऊन तिला पोहोचवून आला.

सरूबाई पुन्हा पाटावर बसल्या. तीस वर्षांचा हात, पण डाळ कच्ची! त्यांना वाटलं, स्टोव्हची वात खराब आहे. वात बदलली. वाटलं, वाणी जुनी डाळ देतोय. वाणी बदलला. मग वाटलं, आपलाच हात विसरला. महिनाभर त्यांनी माशाचं सार आणि भात यावर भागवलं, आणि मनातली शंका मनातच दाबून ठेवली.

एका दुपारी पलीकडच्या खोलीतल्या विमलाबाई दारात आल्या. सरूबाई वरवंट्यानं अर्धी कच्ची राहिलेली डाळ ठेचत होत्या.

"अगं बाई! डाळ वाटताय की दगड फोडताय?"

"शिजतच नाही हो."

"सोडा नाही घातलात? चिमूटभर खायचा सोडा घालायचा. ह्या नळाच्या पाण्यात सोड्याशिवाय शिजते होय डाळ? सगळी चाळ घालते! मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या मंदानं कधी विचारलंच नाही."

सरूबाईंच्या हातातला वरवंटा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या काशीमीऱ्याला निघाल्या, दोन कोस पायी. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होत्या. धर्माजींच्या घरी मंदा नव्हती. तिच्या आईनं खाली मान घालून हमरस्त्याकडं बोट दाखवलं.

ट्रकवाल्यांच्या एका हॉटेलच्या मागच्या पडवीत मंदा भल्यामोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. डाळ लोण्यासारखी घोटली गेली होती. सासूला बघून तिनं पदर सारखा केला, पाट दिला.

"पोरी, तुझा हात वाईट नाही," सरूबाई धापा टाकत म्हणाल्या. "पाणीच जड आहे तिथलं. सोडा घालावा लागतो. मला कालच कळलं बघ."

"मला माहेरी आले त्याच दिवशी कळलं," मंदा म्हणाली. "डोंगरातल्या झऱ्याचं पाणी हे. अर्ध्या तासात डाळ शिजली. मी रडलेच."

"मग कळवायचं नाही का?"

"ह्यांना पत्र धाडलं होतं की. लगेचच. म्हटलं, आईंना सांगा आणि मला न्यायला या." ती पळी फिरवत राहिली. "महिना वाट पाहिली."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बहनजी, दो दाल-चावल!"

मंदानं दोन थाळ्या भरल्या. मग तिसरी भरून सासूपुढं ठेवली. "जेवून जा, आई. ऊन झालंय."

सरूबाईंना 'चल' म्हणायचं होतं. त्यासाठीच त्या आल्या होत्या. पण त्यांनी सगळा भात संपवला, आणि उठल्या.

शिवा कामावरून आला तेव्हा त्या अंधारात बसलेल्या होत्या. त्यानं दिवा लावला.

"मंदाकडं जाऊन आले. तिचं पत्र आलं होतं?" त्यांनी विचारलं.

तो हातावरचा पॉलिशचा काळा डाग चोळू लागला. "हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं चुकलं असं तुला कसं सांगू?" तो म्हणाला. "तू घर डोक्यावर घेतलं असतंस. वाटलं, होईल हळूहळू सगळं ठीक."

सरूबाईंना राग यायला हवा होता. त्या वाटही पाहत होत्या रागाची. पण तो आला नाही. समोर बसलेला सव्वीस वर्षांचा मुलगा आपल्याला किती भितो, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"कधी येते म्हणाली?" त्यानं हलकेच विचारलं.

"तू जाऊन विचार."

"येईल?"

"नाही," सरूबाई म्हणाल्या. "पण तू जाऊन विचार."