झेंडूखालचे अ‍ॅम्प्लिफायर

कल्याणरावांच्या मते यंत्राची पूजा केली की ते चालतं. समजून घ्यायची गरज नसते.

दसऱ्याला त्यांच्या नेकनूर रस्त्यावरच्या नव्या मंगल कार्यालयाचं उद्‌घाटन होतं. स्टेजमागच्या खोलीत चार अ‍ॅम्प्लिफायर होते आणि केबलने त्यांना जोडलेला लॅपटॉप घेऊन मी शेवटच्या रांगेमागे बसले होते. प्रत्येकाचा आवाज आणि तापमान मला पडद्यावर दिसे, आवाज तिथूनच कमी-जास्त करता येई. आजचा कार्यक्रम नीट पार पडला तर इथली पक्की नोकरी माझी होती. एम.एस्सी. होऊन शिकवण्या घेण्याचा मला कंटाळा आला होता.

सकाळीच कल्याणरावांनी अ‍ॅम्प्लिफायरवर विभूतीचे पट्टे ओढले. मग झेंडूचे जाड हार नेमके पुढच्या जाळीवर, पंखे जिथून हवा ओढतात तिथे, चिकटपट्टीने पक्के केले.

"काका, हार वर ठेवू. यांना हवा इथूनच मिळते."

"घातलेला हार दिवस मावळेपत्तूर काढत नसतेत. कालेजात येवढं बी शिकवलं न्हाई का?"

खोलीला कुलूप लावून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

कल्याणरावांचं भाषण सुरू झालं. विषयही कल्याणराव. तापमान सत्तरच्या पुढे गेलं, मग ऐंशी. नव्वदला अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद पडतात. मी चारहींचा आवाज थोडा उतरवला.

"ए पोरी," ते माइकमधून म्हणाले, "आवाज कावून उतरला? आमी काय कानात सांगायलोय का? वाढव. न्हाईतर उद्यापसून येऊ नको."

पुढच्या रांगेतले पाहुणे हसले. ते सकाळपासून सगळ्यालाच हसत होते. मी आवाज वाढवला. शहाऐंशी.

त्यांना हे कळलं कसं, याचा मी विचार केला. त्यांच्या पायाशी दोन स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून ठेवले होते. ते चौथ्या अ‍ॅम्प्लिफायरवर होते आणि त्याच्यावर भार नगण्य होता. लोकांना काय ऐकू येतं, हे कल्याणरावांना कळायला मार्ग नव्हता, आणि जाणून घ्यायची इच्छाही.

चौथा वाढवला. उरलेले तीन, ज्यांचे स्पीकर लोकांकडे होते, ते खाली आणले. कल्याणरावांचा चेहरा खुलला. तापमान उतरू लागलं. कुणीतरी तक्रार करेपर्यंत उतरवत जायचं मी ठरवलं. निम्मा. पाव. मागच्या रांगांत नुसती पुटपुट पोचत होती.

माझ्या समोरच्या खुर्चीवर त्यांचे मेहुणे सुंदरराव होते. शेजारच्याने त्यांना विचारलं, "काय म्हनायलेत?"

"कुनाला ठाऊक. चांगलंच असंल."

दोघांनी टाळ्या वाजवल्या. भरलेल्या सभागृहातून एकानेही ऐकू येत नाही म्हटलं नाही.

भाषणानंतर कल्याणराव माझ्याकडे आले. "बघितलं? हारानं काय झालं का?"

"काही नाही, काका."

"ये उद्यापसून."

मी चारही आवाजांची ती मांडणी सॉफ्टवेअरमध्ये जतन केली. पुढेही लागणार होती. नाव दिलं: काका.