डोक्यावरचा हात

चष्म्याच्या दुकानात तिचा नवरा काचा घासायचा आणि शेजारच्या टेबलावरचा फ्रेमवाला त्या फ्रेममध्ये बसवायचा. काचा नि फ्रेमचं छान जमायचं. या दोघांचं मात्र दोन वर्षं वाजत होतं, आणि विषय एकच, देव आहे की नाही. फ्रेमवाला म्हणायचा, "पुरावा दाखव." नवरा घरी येऊन तिला सगळा वाद पहिल्यापासून ऐकवायचा, तोवर जेवण गार व्हायचं.

चर्चच्या पाळकांनी एकदा उपासनेनंतर तिच्यासमोरच नवऱ्याला सांगितलं होतं, "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. तो विचारत नाहीये, खेळतोय. त्याच्याशी चांगलं वाग, त्याच्यासाठी प्रार्थना कर. पण जे पवित्र आहे ते त्याच्या हातात देऊ नकोस." नवऱ्याने मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी. गड्याला हार सोसायची नाही, आणि त्यालाच तो विश्वास म्हणायचा.

दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकाने सगळ्यांना सहकुटुंब दुपारचं जेवायला बोलावलं. ती मालकिणीशी बोलत जेवत होती. मागून कुणीतरी तिच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"काय वहिनी, मिळाली का शांती?" फ्रेमवाला होता, डोळे मिटून, तोंड गंभीर करून. "की अजून जरा दाबू?"

टेबलावरचे तिघेचौघे हसले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

तिचा घास हातातच राहिला. सहा वर्षांपूर्वी दुसरं बाळ दगावलं, त्यानंतर एका दुपारी ती जीव द्यायचं ठरवून रिकाम्या घरात बसली होती. तेव्हा तिच्या डोक्यावर हात आला होता. ऊबदार, जड. थोरली शाळेतून येईपर्यंत तो तिथेच होता, आणि मागे वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. हे तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. पाळकांनाही नाही. त्या एका हाताच्या आधारावर ती सहा वर्षं जगली होती.

घरी येईपर्यंत नवरा फ्रेमवाल्याला शिव्या देत होता. नीच आहे, विश्वासघातकी आहे.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

"अगं, पुरावा म्हणून. मला वाटलं, हे ऐकून तरी त्याचं मन वळेल. पाळक बरोबर बोलत होते. मी डुकरापुढे मोती टाकले."

"कुणाचे?"

तो म्हणाला, "मी चुकलो. माफ कर मला."

"करीन. करावंच लागेल. पण आता तो हात आठवायला जाते, तर त्याचाच तळहात आठवतो. घामट. त्याचं मी काय करू ते सांगा."

नेहमीप्रमाणे त्याने सतरंजी पसरली, गुडघे टेकले आणि शेजारी तिच्यासाठी जागा ठेवली. "ये. देवापुढे मांडू. तुझ्या मनात काय आहे ते बोल."

ती उभीच राहिली. रागाने नाही, नीट विचार करून बोलली.

"तुमची प्रार्थना तुम्ही करा. मला देवाशी जे बोलायचंय, ते तुमच्यासमोर नको."

आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने दार लावून घेतलं.