क्लिपचा पंप

विजेची गाडी आली आणि मास्तरांच्या हातचा रविवार गेला. पूर्वी दर रविवारी सकाळी पेट्रोल भरायला तेच जायचे आणि तिथेच चारी चाकांची हवा बघून यायचे. नवी गाडी घराखालीच चार्ज व्हायची. पंपावर जायचं कारण उरलं नाही, आणि हवेचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

त्यातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मास्तर म्हणजे कपडे बेतणारे शिंपी. आयुष्यभर ज्यांच्या जोरावर कात्री चालली, तो उजवा अंगठा आणि शेजारचं बोट रुसून बसलं. दुकानाचं शटर खाली आलं. गाडी आता बायको चालवायची. ती नर्स; घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा धुवायची, ड्रेसिंग करायची. मास्तर तिला 'सिस्टर' म्हणत, तेही गिऱ्हाइकांदेखत. लेक कपाळावर हात मारून घ्यायची. "बाबा, लग्नाच्या बायकोला सिस्टर म्हणणारे जगात तुम्ही एकटेच."

झटक्यानंतर त्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं: तूच बघ. विजेचं बिल आलं, तूच बघ. नळ गळतोय, तूच बघ. म्हणून गाडीत समोर टायरचा पिवळा दिवा लागला आणि शेजारी बसलेले मास्तर म्हणाले, "हवा कमी झालीय. घरी एक पंप आणून ठेवू. मी बघतो," तेव्हा बायकोने नजर रस्त्यावरच ठेवली. बोललं तर ते मागे फिरतील, अशी भीती वाटली. शनिवारी दुपारी ती त्यांना गाडीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदाराने काउंटरवर तीन पंप मांडले. "काका, हा सगळ्यात छोटा. खिशात मावतो."

"खिशात ठेवून काय करू? आमची गाडी पोटात एवढी मोठी बॅटरी घेऊन फिरते. वजनदार बाई आहे. तिला हवाही जास्त लागते. दोन चाकं झाली की हा तापणार."

"तापतो. पण थोडी विश्रांती दिली की पुन्हा चालू."

"असला एक घरात आहे. दुसरा नको."

दुकानदार हसला. तीही हसली, कितीतरी दिवसांनी मास्तर स्वतःवर विनोद करत होते. दुसरा पंप वायरचा होता, गाडीतल्या सॉकेटला लावायचा. मास्तरांनी डाव्या हाताने वायर खांद्यापासून ताणून मापली. "मागच्या चाकाला अपुरी पडेल. ओढाताण होईल."

तिसरा त्यांच्या मनात भरला. स्वतःची बॅटरी, मोठे आकडे, आणि ठरवलेल्या आकड्याला आपोआप थांबणारा. दुकानदाराने दाखवण्यासाठी ठेवलेलं एक जुनं चाक पुढे ओढलं. "लावून बघा ना."

नळीच्या टोकाला आटे होते. टोक व्हॉल्व्हवर ठेवून चिमटीने फिरवायचं. मास्तरांनी उजवा हात पुढे केला. डावा वापरा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. टोक अर्धा फेरा फिरलं, निसटलं, हवा फुसफुसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नळी हातातून खाली पडली.

दुकानदार भला माणूस होता. "काका, कशाला त्रास? महिन्यातून एकदा टायरवाल्याकडे गाडी न्यायची. तो बघेल."

मास्तरांनी नळी उचलून काउंटरवर ठेवली. "तूच बघ," ते तिला म्हणाले आणि दाराकडे वळले.

ती चाकापाशी खाली बसली. नळीचं टोक तिने मुद्दाम तिरकं धरलं. आटे करकरले. तिने दोन-तीनदा खटपट केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो मास्तर, हे आडवंच बसतंय. मला नाही जमायचं."

ते थांबले. "सरळ धर की. सुई ओवतो तसं."

"ओवणारे तुम्ही. मी टोचणारी."

"असं कसं जमत नाही?" मास्तर परत आले. वाकून पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, "आट्यांचं नको. हिला झेपेल असं काही आहे का?"

"याच पंपात क्लिपचा आहे. व्हॉल्व्हवर दाबायचं, खटका पाडायचा, झालं."

मास्तरांनी डाव्या हाताने क्लिप दाबून बसवली आणि उजव्या तळव्याने खटका खाली ढकलला. खट् आवाज झाला, पडद्यावर आकडा उमटला. ते आकड्याकडे बघत राहिले. "हा द्या. हिच्यासाठी बरा आहे."

रविवारी सकाळी ते बुटकं स्टूल घेऊन गाडीपाशी गेले. "ये, शिकवतो. हवा बघायची ती गाडी बाहेर काढायच्या आधी, चाकं थंड असताना." ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी उभी राहिली. पंप घरघरला, अडतीसवर थांबला. दुसरं चाक झालं. तिसऱ्याला क्लिप लावताना ते वर न बघता म्हणाले, "त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांची शीर कुणाला सापडत नव्हती. तू अंधुक उजेडात सुई घातलीस."

"मग?"

"काही नाही. व्हॉल्व्ह त्यापेक्षा बराच जाड असतो."

तिचे कान तापले. "आकड्याकडे बघा, मास्तर."

"बघतोय की."

चौथं चाक भिंतीकडे होतं. तिथे ते तिरके होऊन शिरले, स्टूल पायाने सरकवलं, काम झालं. पण आता उठता येईना. त्यांनी उजवा हात वर केला. "दे गं हात."

रुग्णाला उठवताना ती बगलेत हात घालून एका झटक्यात उभं करायची. इथे तिने फक्त हात धरला. त्यांना उठायला वेळ लागला. तिने तो लागू दिला.