डिंडोलीच्या बंद खोलीतली शेगडी

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून हळहळू नका. हळहळणारी माणसं मला आवडत नाहीत. कान द्या, तेवढं पुरे.

अमळनेरच्या लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. सरलाबाईच्या प्रत्येक बाळंतपणात मी तिच्या खाटेखाली बसले. तेव्हा गोवऱ्या अंगणात पेटायच्या, धूर आभाळात जायचा आणि लाल निखारे तेवढे माझ्यात भरून आत यायचे. वर चिमूटभर ओवा. ओसरी उघडी, वारा खेळता. चारही पोरं धडधाकट निघाली आणि श्रेय मिळालं मला. मीही फुगले. का फुगू नये?

पुढे पोटामागे सगळे सुरतला आले. डिंडोलीत वरच्या मजल्यावर एक खोली. मी माळ्यावर पडले. वर्षानुवर्षं माझ्यावर कुणी फडकं मारलं नाही.

यंदा धाकट्या हेमराजच्या बायकोला, सुषमाला, मुलगी झाली आणि माझी आठवण आली. पण सुरतेत गोवऱ्या कुठल्या? हेमराज लूमच्या कारखान्यातून कतरण आणायचा, म्हणजे पॉलिस्टर साड्यांच्या चिंध्या. फुकटचा माल. सरलाबाईने तोच माझ्यात कोंबला. या चिंध्यांचा निखारा होत नाही. त्या वितळतात आणि काळा, कडू धूर ओकतात. अंगण नाही म्हणून पेटवलं घरातच. वर बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी, दाराला कडी. असल्या शहाणपणाला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण लहान पोरांपुढे बोलत नाही.

बाळ खोकू लागलं.

"आई, तिला धूर सोसत नाही," सुषमा म्हणाली.

"मना चार पोरं याच शेगडीवर वाढनात," सरलाबाई म्हणाली. "तू कालदिन उनी नि मले शिकाडस?"

शेजारच्या छायाने दार वाजवलं. "काकू, घरातच मिल काढली की काय?"

"तू तुनी भाजी देख, करपी जाई," सरलाबाईने तिला आतूनच वाटेला लावलं.

मग बाळाचं पोट उडू लागलं, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. लहान बाळाला अशी धाप लागली की आमच्याकडे त्याला 'डबा' म्हणतात, आणि डब्याला शेक देतात. "डबा व्हयना," म्हणत सरलाबाईने माझ्यात आणखी कतरण टाकलं. ज्याने जीव गुदमरला, त्याचाच वाढीव घास.

बाळ रडायचं थांबलं. सरलाबाईला वाटलं, आराम पडला. सुषमाने ओठ पाहिले. ते निळे पडले होते.

ती ओली बाळंतीण उठली. ओल्या टॉवेलने मला उचललं आणि जिन्यावर भिरकावलं. माझा एक पाय मोडला. बरं झालं. बाळाला पदराखाली घेऊन ती छायाबरोबर रिक्षाने दवाखान्यात गेली.

तिथे बाळाला ऑक्सिजन लावला, हे छायाने नंतर जिन्यात सांगितलं तेव्हा मला कळलं. न्यूमोनिया होता. मागोमाग पोचलेल्या सरलाबाईला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तान्ह्याची फुप्फुसं कच्ची असतात आणि ते श्वास आपल्यापेक्षा भराभर घेतं. खोली एकच असली तरी जास्त धूर त्याच्याच छातीत जातो."

माफी मागणं सरलाबाईच्या खानदानात नाही.

बाळ वाचून घरी आलं. बघायला सरलाबाईचा भाऊ भिकन आला, बोटांत पेटती बिडी. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"बिडी रस्तावर पी. आठे पोर श्वास लेस."

"एक बिडीमा काय व्हस, बहीण?"

"तुले नही व्हत. तिले व्हस."

भिकन मुकाट्याने जिना उतरला, माझ्या अंगावरून.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला भंगारात घाला. पण तान्ह्या बाळाच्या खोलीत कुणी धूर करत असेल, तर त्याचा हात धरा. तो हात तुमच्या आजीचा असला तरी धरा. ती रागावेल. रागावू द्या.