एकेचाळीस नंबरची नळी

थोरली विषाणूंवर संशोधन करायची. म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. धाकटी म्हणायची, "ताई भोकं मोजते." खोटं नव्हतं ते. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी काढायचं, त्यात विषाणू मिसळायचा आणि थाळीतल्या पेशींच्या थरावर सोडायचा. रक्तात ताकद असली तर थर शाबूत. नसली तर भोकं पडतात. जांभळा रंग टाकला की ती उठून दिसतात. मग बसा मोजत.

या खेपेला साठ नर्सचं रक्त आलं होतं. पाळीपाळीने साथीच्या वॉर्डात जाणाऱ्या, लस घेऊन आठ महिने झालेल्या. धाकटीही त्यांतलीच. नळ्यांवर नुसते नंबर असायचे. कुठला कुणाचा, ही यादी मोजणी संपेपर्यंत साहेबांच्या कपाटात कुलूपबंद. माहितीतलं माणूस असलं की डोळे पक्षपात करतात, म्हणून हा बंदोबस्त.

एकेचाळीस नंबरच्या नळीतलं पाणी मात्र दुधाळ होतं. थोरलीला हसूच आलं. भरपूर लोणी चापून रक्त दिलं की असं होतं. आणि उपाशीपोटी या म्हणून बजावलं तरी खाऊन जाणारी बया तिला एकच ठाऊक होती. मागच्या खेपेलाच तिने धाकटीला त्यावरून फैलावर घेतलं होतं.

चार दिवसांनी एकेचाळीसच्या थाळीची चाळण झालेली. थोरलीने ती उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. लस टोचली काय नि साधं पाणी टोचलं काय, सारखंच.

साहेबांना सांगितलं असतं तर यादी तिथल्या तिथे उघडली असती. पण मग नळी ओळखली हेही सांगावं लागलं असतं, आणि दोन वर्षांच्या कामावर बोळा फिरला असता. तिने फोन उचलला.

"आईला बरं नाही. ये, आठवडाभर राहा."

"काय झालं तिला?"

"ये तर आधी."

"अगं, साथीच्या वॉर्डात ड्युटी लागलीय माझी! थांब, चिमणीला विचारते, माझ्या जागी जातेस का म्हणून. ती बाळंतिणींकडे आहे सध्या. माझ्या शब्दाबाहेर नाही जायची."

धाकटी धावतपळत आली, तर आई खिडक्या पुसत होती. "मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "हिचंच काहीतरी बिनसलंय." थोरलीने आईच्या कंबरदुखीचं निमित्त सांगून वेळ मारून नेली.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना धाकटी म्हणाली, "या वेळी उपाशी गेले हो रक्त द्यायला. उगाच तुझी बोलणी कोण खाणार? चिमणीनं खाल्ला माझा सगळा लोणीपाव. म्हणे, उपाशीपोटी सुई पाहिली की मला भोवळ येते."

थोरली कप तसाच टाकून निघाली. तिने सांगितल्याबरोबर साहेबांनी कपाट उघडलं. एकेचाळीस, चिमणी. तासाभरात तिला वॉर्डातून बाहेर काढलं. पण तीन पाळ्या झाल्या होत्या.

पाचव्या दिवशी ताप चढला. लागण त्याच तीन दिवसांतली, डॉक्टर म्हणाले. सोळाव्या दिवशी चिमणी गेली.

धाकटी तिला पोचवून थेट थोरलीकडे आली. दारातच उभी राहिली.

"आईला काही झालं नव्हतं ना?"

"नाही."

"मग?"

थोरलीने सगळं सांगितलं. दुधाळ पाणी, थाळी, यादी. सगळं ऐकून धाकटी म्हणाली, "साहेबांना त्याच दिवशी सांगता आलं असतं."

"हो."

"किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं." मग काहीतरी बोलायचं म्हणून थोरली म्हणाली, "तुझं रक्त चांगलं आहे. भरपूर ताकद आहे. पाहिलं मी यादीत."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. अनोळखी बाईकडे बघावं तशी.

"तिच्या नवऱ्याला कोण सांगणार? तू की मी?"

"मी सांगते."

"मग चल."

"आत्ता?"

"आत्ता. तो घरी एकटाच बसलाय. मला विचारत होता, हिची ड्युटी तिथे कशी लागली म्हणून."

थोरली उठली. दाराशी समोरच होत्या चपला, पण तिला त्या सापडेनात. धाकटीने त्या पायाने तिच्यापुढे सरकवल्या आणि जिना उतरायला लागली.