सर्वांत जड फाइल

टॉड ब्रँडव्होल्डचा आवाज ऐकला आणि माझं डोकं फिरलं. दोन वर्षांपूर्वी या माणसाने माझं चेरीच्या मुरंब्याचं लेबल स्वतःच्या नावावर खपवलं होतं. मी तोंड उघडलं तेव्हा आम्ही दोघं काम करायचो त्या स्टुडिओतून मलाच हाकललं. तेव्हापासून मी मिलवॉकीतल्या डिझाइनवाल्यांना कॉम्प्युटर जुळवून देते, आणि हा कधीतरी आमच्या दुकानाची पायरी चढेल म्हणून वाट बघत होते.

सोबत लोइस होती, त्या मुरंब्याच्या कंपनीची मालकीण. त्यांच्या बोलण्यातून कळलं, नव्या सगळ्या बाटल्यांच्या लेबलांचं काम ती आज त्याला देणार होती. शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायची इथली रीत, तशी दोघं मासे खायला निघाले होते, तिथेच सगळं पक्कं व्हायचं होतं.

"अरे वा, नोरीन, तू इथे?" टॉड म्हणाला. "बरं झालं. सगळ्यात मोठं ग्राफिक कार्ड टाक. काचेची कॅबिनेट, आत दिवेबिवे. लोइसच्या कामात काही कमी पडायला नको."

"आमच्याकडे असं विकत नाहीत," मी म्हणाले. "आपली सर्वांत जड फाइल आणायची, इथल्या मशीनवर दहा मिनिटं स्वतः काम करायचं. कमी काय पडतं ते मी बघते, मग सामान ठरतं."

त्याने ऐटीत पेनड्राइव्ह पुढे केला. लोइससमोर मिरवायला त्याने नेमकी त्याच लेबलाची फाइल उघडली. पडद्यावर माझी चेरीची बाग आली, एकावर एक रचलेल्या सहाशे बारा लेअरची, म्हणजे चित्राच्या थरांची. मी काय बोलणार, असं त्याला वाटलं असावं.

मशीनची रॅम, म्हणजे काम चालू असतानाची मेमरी, काठोकाठ भरत आली, ग्राफिक कार्ड मात्र निवांत होतं.

"बागेवरचं धुकं जरा कमी करा ना," मी गोड आवाजात म्हणाले.

तो लेअरची यादी वर-खाली करत बसला. धुकं असं नाव कुठेच नव्हतं. एकदा पानं गायब झाली, एकदा बाटलीचं झाकण.

"टॉड, हे तूच केलंयस ना?" लोइसने विचारलं.

"हो, म्हणजे... जुनं काम आहे हो."

"तुला सापडेल का गं?" तिने मला विचारलं.

मी 'हिल्डा'वर क्लिक केलं. धुकं विरलं.

"हिल्डा कोण?"

"माझ्या मावशीची गाय. दूध थोडं, मिजास फार. माझ्या सगळ्या लेअरना तिच्या गायींची नावं आहेत."

लोइसने पूर्ण यादी सावकाश वाचली. टॉडचा चेहरा पडला होता आणि मला मनापासून बरं वाटत होतं.

"मासे खातेस का तू?" लोइसने मला विचारलं.

"लोइस, अहो, आपलं ठरलंय," टॉड म्हणाला. "आणि माझं मशीन?"

"सर्वांत साधं घ्या," मी म्हणाले. "तुम्ही जे करता, त्याला रॅम लागतेच किती?"

मी कोट चढवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली होती.