बिनमिठाचं पान

मी मिठाचा सट बोलतोय. पांढरा, चिनीमातीचा, झाकणाचा टवका उडालेला. प्रतिमाताईंच्या रुखवतातून मिरजेहून बंगळुरूला आलो आणि जयनगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलो.

यजमान उमाकांतराव सरकारी कारखान्यात इंजिनियर. सगळं आयुष्य खुर्चीत गेलं. ताटात डावीकडे मीठ वाढलेलं असायचंच, तरी माझ्यात हात घालून वरून चिमूटभर घेतल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. तेही चव बघायच्या आधी. माझा काय रुबाब होता म्हणून सांगू.

पुढे ब्लडप्रेशर वाढलं. गोळ्या सुरू झाल्या आणि बरं वाटतंय म्हणून बंदही झाल्या. लेक यशश्री चिडली, "बाबा, निदान वरचं मीठ तरी सोडा."

"बिनमिठाचं पान नैवेद्याचं असतं," ते म्हणाले. "मी काही देव नाही."

एका रविवारी जेवताना हात आला, पण चिमूट जमेना. मीठ सांडलं. हात पुन्हा आला, तर मीच कलंडलो. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. "पित्त झालंय, पडतो जरा," असं काहीतरी पुटपुटले. एरवी प्रतिमाताईंनी आलेपाक दिला असता. पण माझ्यापाशी तो हात चुकलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी शेजारच्या नागराजना हाक मारली.

"अक्का, झोपवू नका," नागराज बघताक्षणी म्हणाले. "स्ट्रोक दिसतोय. गाडी काढतो."

घर रिकामं झालं. मी आडवाच पडून होतो. जीव नुसता टांगणीला लागला होता, तो हात परत येतो की नाही म्हणून.

आला हो. वेळेत पोचले म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पण उजवी बोटं ऐकेनात. मग यशश्रीने मला रिकामं करून धुतलं आणि माझ्यात वाटाणे भरले. एकेक चिमटीत धरून बाहेर काढायचा, हा व्यायाम. वाटाणे निसटायचे, उमाकांतराव वैतागायचे, प्रतिमाताई टेबलाखाली वेचत बसायच्या.

आज सकाळी एक वाटाणा चिमटीत आला, माझ्या काठावरून वर गेला आणि प्रतिमाताईंच्या तळहातावर पडला. त्यांनी मूठ मिटली आणि घळाघळा रडल्या. मलाही हायसं वाटलं.

दुपारी ताट आलं. डावीकडची जागा रिकामी. उमाकांतराव बघत राहिले, मग जड जिभेने म्हणाले, "नैवेद्य आला." आणि उजव्या हाताने घास उचलला.

माझा रुबाब गेला, जाऊ दे. तुमच्या टेबलावर माझं एखादं भावंड असेल, तर त्याला आत ओट्यावर नेऊन ठेवा. मला मात्र इथेच राहू द्या. वाटाणे अजून पुष्कळ आहेत.